गुलमर्ग, १५ हजार आणि एक कॅमेरा

बर्फात घसरायला पैसे लागतात आणि घसरताना छान दिसायला त्याहून जास्त! मुंबई-श्रीनगर विमान, पुढे टंगमर्गपर्यंत टॅक्सी, तिथून टायरना साखळ्या बांधलेली दुसरी गाडी, हॉटेल, स्की-बुटांचं भाडं, ट्रेनरची फी... हे सगळं वजा केल्यावर आमच्या चौघांच्या ग्रुपकडे व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी उरले १५ हजार. ‘एवढ्यात काय येणार, बॉस?’ ऑफिसात जो तो हेच विचारत होता. येतं की! फक्त आपण नक्की काय शूट करणार, हे आधी ठरवायला हवं.

स्कीइंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतो हेल्मेटवरचा ॲक्शन कॅमेरा. चीज भारीच आहे. मुठीत मावतो, बर्फात पडला तरी बिघडत नाही आणि २०१८ नंतरच्या चांगल्या मॉडेल्समध्ये चित्र हलत नाही म्हणजे नाही. पण तो कुणासाठी? गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत वर जातो. आधी कोंगडोरी, मग अफरवटचा खांदा, सुमारे ३,९५० मीटरवर. तिथून भुसभुशीत बर्फातून सुसाट उतरणारे पट्टीचे स्कीअर असतात, त्यांच्यासाठी तो बनलाय. आपण असतो खाली, २,६५० मीटरवरच्या बशीसारख्या मैदानात, ‘घुटना मोडो, मॅडम!’ ऐकत. शिकाऊ माणसाच्या हेल्मेटवरून काय दिसतं? स्कीची दोन टोकं, ट्रेनरची पाठ आणि मग एकदम आकाश. शिवाय त्याची लेन्स वाईड. आपल्याला कडा वाटलेला उतार स्क्रीनवर सोसायटीच्या रॅम्पसारखा सपाट दिसतो. मैत्रिणीने तोच कॅमेरा खालून आपल्यावर धरला, तर पांढऱ्या चादरीवर एक मुंगी.

शिकताना उपयोगी पडतो तो बाहेरून घेतलेला शॉट. वजन मागे जातंय का, खांदे वळतायत का, हे त्यातच कळतं. त्यासाठी हवा ऑप्टिकल झूम, आणि तो स्वस्तात मिळतो जुन्या हँडीकॅममध्ये. हो, तोच लग्नातला! मोबाइल आल्यापासून त्याला कुणी विचारत नाही, ही आपली चैन. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांच्या दुकानांत दोन शनिवार फिरल्यावर ९ हजारांत सेकंडहँड फुल एचडी हँडीकॅम मिळाला. ३० पट ऑप्टिकल झूम. खोक्यावर मोठ्या अक्षरांत डिजिटल झूमचा आकडा असतो, तो सोडून द्या. त्याने चित्र फक्त फाटतं.

दुकानात आणखी काय बघायचं? ५० किंवा ६० फ्रेम्स आहेत का, म्हणजे वळणावर पॉज करून गुडघा बघता येतो. फोरकेचा हट्ट मात्र सोडा. डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर असेल तर उड्या मारा, कारण बर्फाच्या लखलखाटात स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं. आणि दुकानदाराला विचित्र वाटलं तरी जाड हातमोजे घालून झूम करून बघा. हँडीकॅमच्या पट्ट्यात हात घट्ट बसतो, बटणं खरीखुरी दाबता येतात. मोबाइलच्या टचस्क्रीनसाठी दर वेळी मोजा काढायचा, तर बोटं पाच मिनिटांत बधिर.

थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. आतली रासायनिक क्रिया मंदावते, बाकी काही नाही. ऊब मिळाली की बरीचशी परत येते. त्यामुळे जादा बॅटरी घेतलीच आणि ती जॅकेटच्या आतल्या खिशात. दुसरी गंमत एक्स्पोजरची. एवढं पांढरं बघून कॅमेरा गांगरतो, सगळं अंधारवतो. बर्फ राखाडी, चेहरे काळे. हँडीकॅममध्ये बहुतेकदा ‘स्नो’ किंवा ‘बीच’ मोड असतो, तो लावा. नसेल तर एक्स्पोजर थोडं चढवा. ड्रोन? ताबारेषा जवळ आहे, परवानगीशिवाय तो बॅगेतून काढायचाही नाही.

मागोमाग स्कीइंग करत शूट करण्याची हौस असतेच. जर्मन स्कीअर विली बॉग्नर १९६९च्या बॉण्डपटासाठी हातात कॅमेरा धरून चक्क उलटा घसरत गेला होता! आम्ही शेवटच्या दिवशी एक ॲक्शन कॅमेरा भाड्याने घेतला आणि तो ट्रेनरच्या छातीवर बांधला. छातीवरून गुडघे, स्की, पुढचा माणूस, सगळं फ्रेममध्ये येतं आणि उतारही जरा उतारासारखा वाटतो.

बॅटरी, कार्ड आणि हे भाडं जाऊन चार पैसे उरले. ‘ट्रायपॉड घेऊ या,’ असं एकाचं म्हणणं. बर्फात त्याचे पाय रुततात. त्यापेक्षा आम्ही त्यातून ट्रेनरचा अर्धा दिवस वाढवून घेतला.

संध्याकाळी हॉटेलात शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि तासभर तसाच ठेवायचा. नाहीतर उबदार हवेतली वाफ थंड लेन्सवर आणि आतही धरते. तेवढ्यात बुखारीपाशी बसून कहवा होतो. मग केबल टीव्हीला जोडायची. आमचा ट्रेनर फेरनमध्ये हात घालून बघत बसायचा. त्या वाढीव अर्ध्या दिवसाची क्लिप त्याने तीनदा मागे नेली, पॉज केली आणि पहिल्यांदाच म्हणाला, ‘अब मुडा घुटना.’