जमिनीला स्थळ हवे

मुलीचे लग्न जमवणे कठीण असे म्हणणाऱ्यांकडे विकायची नाही आणि पडीकही ठेवायची नाही, अशी जमीन नसावी.

आमच्याकडे आहे. बार्शी तालुक्यात, तीन एकर बारा गुंठे. सातबाऱ्यावर नावे नऊ आणि शेतात पाय ठेवणारा एकही नाही. रंगाने काळीभोर. जमिनीच्या स्थळाचा हा मोठा फायदा. काळा रंग लपवावा लागत नाही. तब्येत मात्र तोळामासा. आधी वर्षानुवर्षे खताच्या पोत्यांवर दिवस काढलेले, नंतर चार वर्षे नुसती पडून. माती तपासून आणली तेव्हा सेंद्रिय कर्ब निघाला 0.3 टक्के. अर्ध्या टक्क्याच्या आत म्हणजे कमीच धरतात. बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला हा आकडा लागतोच. अहो, आमच्या बचत खात्यावरसुद्धा याहून जास्त देतात!

तेव्हा ठरवले, जमीन खंडाने द्यायची, पण समविचारी माणसाला. शेणखत, तागाचे हिरवळीचे खत आणि बांधबंदिस्ती यांवर श्रद्धा असणाऱ्याला. 'समविचारी' हा शब्द ऐकून बायको म्हणाली, "लग्नाला अठरा वर्षं झाली, तुम्हाला घरात एक सापडला नाही. बार्शीत सापडणार?"

तरी पाहुणे येऊ लागले. पहिल्याने शेताऐवजी रस्ताच पाहिला. त्याला हुरडा पार्टीचे रिसॉर्ट काढायचे होते. दुसरा पुण्याचा संगणकवाला. त्याने जपानच्या फुकुओकांचे पुस्तक वाचले होते. त्या गृहस्थांनी नांगर न लावता शेती केली, एवढाच भाग त्याला मनापासून पटला होता. 'काहीही न करण्याची' ही शेती तो फक्त शनिवार-रविवारी करणार होता!

तिसरे शेजारच्या गावचे एक मामा. ते बांधाबांधाने फिरले, ढेकूळ हातात घेऊन फोडले, वास घेतला आणि म्हणाले, "किती वर्सांसाठी देताय सायेब?"

"अकरा महिने."

"मग ऱ्हाऊ द्या. युरिया टाकून पीक काढणारा बघा. ताग म्या गाडायचा, बांध म्या घालायचा, आन् माती रसाला आली की दुसऱ्यानं यायचं व्हय?"

मी बी. कॉम. आहे, पण एवढा स्वच्छ हिशेब मला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता. अनोळखी माणसाला फ्लॅटसाठी आमची बँक वीस वर्षांचे कर्ज देते, आणि मातीला मात्र अकरा महिने!

हे अकरा महिने आले आमच्या काकांकडून. काका चौऱ्याऐंशीचे. त्यांच्या डोळ्यांपुढून 1957 सालचा 1 एप्रिल हलत नाही. 1948 च्या कूळ कायद्यानुसार कसणारी कुळे त्या दिवशी जमिनीची खरेदीदार मानली गेली. राबणाऱ्यांना न्याय मिळाला, हे काकाही मान्य करतात. पण त्या न्यायात आमची ओढ्याकाठची पट्टी गेली. तेव्हापासून 'जमीन पडली तरी चालेल, कूळ लागता कामा नये' हे आमच्या घराण्याचे ब्रीद आहे. 2016 साली नीती आयोगाने राज्यांपुढे एक नमुना कायदा ठेवला. मालकाची मालकी शाबूत आणि कसणाऱ्याला मुदतीची हमी. तो मी काकांना समजावून सांगितला.

"नमुना ना?" काका म्हणाले. "आपल्या घरात पुष्कळ आहेत."

शेवटी मामांनाच काकांसमोर बसवले. दोघे तासभर पावसावर बोलले. कराराचे नाव नाही. उठता उठता काकांनी विचारले, "बांधावर काय लावणार?"

"तूर लावीन की."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चिंच लावा."

बियांची चिंच फळाला यायला आठ-दहा वर्षे तरी लागतात. हे मामांना ठाऊक होते, काकांनाही ठाऊक होते. मुदतीचा आकडा कुणीच उच्चारला नाही. वकिलांना मात्र मी सांगून ठेवले आहे, मालकी सांभाळून काय तो मसुदा करा, पण मुदत चिंचेला विचारून घाला.