सुडाच्या पात्याचे इमान

सूडकथेत शस्त्र ज्याच्या हाती, त्याचीच सत्ता, असे वाचकास वाटते. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणलेले शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' हा भ्रम दूर करते. पितृवधाचा सूड उगविण्यासाठी लेअर्टीझ तलवारीच्या पात्यास विष लावतो. हॅम्लेट त्याने घायाळ होतो. पण झटापटीत तलवारींची अदलाबदल होऊन लेअर्टीझही त्याच विषाने मरतो. कपट रचणाऱ्या राजाच्या देहातही अखेर तेच पाते शिरते.

एकदा मधल्या सुटीत मार खाल्लेला विद्यार्थी कर्कटक मुठीत आवळून बसलेला दिसला, तेव्हा धडा बाजूस ठेवून आम्ही हीच कथा सांगितली. सुडाचे शस्त्र कोणत्याही मुठीशी इमान राखीत नाही, एवढे मुलांना उमगले तरी साहित्य शिकविल्याचे सार्थक झाले, असे आम्ही मानतो.