भाऊजींचं महागाचं तेल

मैत्रिणींनो, घरातली कुठलीच वस्तू वाया जाऊ द्यायची नाही, हा आपणा बायकांचा स्वभावच. शिळ्या पोळीचा कुस्करा, जुन्या साडीची गोधडी... तुम्हीही हेच करता ना? पण या काटकसरीच्या हौसेपायी मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले. हवं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा. कारण तुमच्याही दारात एखादी मोटारसायकल उभी असेलच.

आमचं बिऱ्हाड ठाकूरद्वारला, चाळीत. गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात शोभायात्रा निघते. नऊवारी नेसून, नथ घालून, फेटा बांधून मोटारसायकलवर निघालेल्या बायका तुम्ही निदान फोटोत तरी पाहिल्या असतील. लग्न झाल्यापासून मी तो सोहळा गॅलरीतूनच बघत आले. एका पाडव्याला मात्र राहवेना. म्हटलं, "पुढच्या वर्षी मीही जाणार. गाडी चालवत!"

सासरे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "गाडीतलं काय कळतं तुला?"

त्यात राग नव्हता, पण मला ते लागलं. यजमानांनी मात्र मनावर घेतलं. रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर नेऊन त्यांनी मला शिकवलं. रीतसर लायसन्सही मिळालं.

पाडवा दहा दिवसांवर आला आणि गाडीचं तेल बदलायची वेळ झाली. नेमके तेव्हाच ठाण्याचे भाऊजी आले. त्यांच्या मोटारीसाठी घेतलेल्या डब्यातलं लिटरभर तेल उरलं होतं. सिंथेटिक, महागाचं, वर 'पेट्रोल वाचवतं' असं छापलेलं. आमच्या गाडीलाही लिटरभरच लागतं. म्हटलं, सोन्याहून पिवळं! गॅरेजमध्ये डबा दिला, तिथल्या पोऱ्याने न बघता ओतलं आणि मी चारशे रुपये वाचवल्याच्या खुशीत घरी आले.

चार दिवसांनी वाळकेश्वरला मावशींकडे निघालो. मी पुढे, हे मागे. चौपाटीपर्यंत सगळं ठीक होतं. तीन बत्तीचा चढ लागला आणि गाडीने दगा दिला. मी मूठ पिळतेय, इंजिन ओरडतंय, पण गाडी पुढे सरकेना! मागून बेस्टची बस हॉर्न देतेय, कुठूनसा जळकट वास येतोय. माझे हातपाय गार पडले. यजमानांनी उतरून गाडी कडेला घेतली. एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त झोंबलं. घरी सासरे एवढंच म्हणाले, "तरी म्हटलं होतं." नकोच ती शोभायात्रा, असं त्या रात्री मी मनाशी ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी एका जुन्याजाणत्या मेकॅनिककडे गेलो. त्याने आधी क्लचची केबल तपासली. ती फार ताणलेली असली तरी क्लच घसरतो म्हणे. ती ठीक होती. मग त्याने तेल कुठलं घातलं ते विचारलं आणि डबा बघून हसला. "वहिनी, हे मोटारीचं. तुमच्या गाडीचा क्लच ओला आहे."

ओला क्लच म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. हाताने गियर टाकायच्या मोटारीत क्लच कोरडा असतो, आणि गियरचं तेलही वेगळं असतं. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गियर आणि क्लच या तिघांची चूल एकच! एकाच तेलात तिघंही नांदतात. क्लच म्हणजे एकाआड एक रचलेल्या चकत्या, काही नुसत्या पोलादी, काहींवर अस्तर लावलेलं. स्प्रिंगांनी त्या एकमेकींवर दाबून धरल्या, की इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते. घडीच्या पोळीत आपण तेल लावतो ते पदर सुटावेत म्हणून. इथे पदर सुटले की गाडी जागच्या जागी! पेट्रोल वाचवणाऱ्या मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. मोटारीला ती गुणकारी, पण ओल्या क्लचची पकड त्यांनी सुटू शकते. नवा क्लच कदाचित सोसेलही. आमचा मात्र सहा वर्षं गिरगावच्या गर्दीत अर्धा दाबून दाबून झिजलेला. त्याने हात टेकले.

मेकॅनिकने ते तेल काढून योग्य तेल घातलं, पण चकत्या जळल्या होत्या. त्या बदलाव्याच लागल्या. चारशे वाचवायला गेले आणि अडीच हजार घालवून बसले!

मग रात्री गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक काढलं. कुठलं तेल घालायचं ते त्यात स्वच्छ छापलेलं होतं. वर्गात मुलांना "आधी प्रश्न नीट वाचा" म्हणून ओरडणारी मी, डबासुद्धा वाचला नव्हता!

म्हणून सांगते, डब्यावर 'जासो' हे अक्षर शोधा. हे जपानी मानक १९९८ सालचं. त्यापुढे 'एमए' किंवा 'एमए२' असेल तर ते तेल ओल्या क्लचसाठी. 'एमए२'ची पकड अधिक. 'एमबी' असेल तर ते बिनगियरच्या स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच कोरडा असतो. घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असतील, तर एकीच्या डब्यातलं दुसरीला घालू नका.

दुसरा असतो तो आकडा, १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असा. 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं त्याचा, दुसरा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं त्याचा. पुस्तकात जो असेल तोच घ्यावा. दाट तेल म्हणजे जास्त चांगलं, असं नाही.

तिसरं म्हणजे 'एपीआय'चं गोल चिन्ह. त्याच्या खालच्या अर्ध्यात 'एनर्जी कन्झर्व्हिंग' किंवा 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' लिहिलेलं असेल, तर ते मोटारसायकलला नको. सिंथेटिक तेल वाईट नाही हं. 'एमए२'चं सिंथेटिकही मिळतं. महाग-स्वस्त हा प्रश्नच नाही, आपल्या गाडीचं कुठलं हा आहे.

आणि डबा सीलबंद घ्या, समोर उघडून घ्या. काढलेलं काळं तेल गटारात ओतू देऊ नका, गॅरेजमध्येच जमा करा.

पाडव्याला मी गेले, बरं का! शोभायात्रेत गाडी मुंगीच्या पावलांनी चालते, सगळा वेळ क्लच अर्धा दाबलेला. ठाकूरद्वारच्या नाक्यावर तर ढोलताशासाठी कितीदा थांबावं लागलं. पण क्लच एकदाही घसरला नाही. वर बघितलं, तर गॅलरीत सासरे उभे. त्यांनी हात हलवला.

पुढच्या खेपेला तेल आणायला तेच गेले. येऊन डबा माझ्या हातात दिला आणि चष्मा शोधत म्हणाले, "सूनबाई, वाच बघू, हेच ना आपल्या गाडीचं?"