लॅमिंग्टन रोडचे दुभाषे

मुंबईतल्या पुष्कळ रस्त्यांना दोन नावे असतात. एक पाटीवरचे आणि एक लोकांच्या तोंडातले. ग्रँट रोड स्टेशनाबाहेर उभे राहून टॅक्सीवाल्याला ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ असे सांगून पाहा. तो आधी तुमच्या तोंडाकडे पाहील, मग आठवल्यासारखे करील आणि म्हणेल, “लॅमिंग्टन रोड बोलो ना!” ज्या लॅमिंग्टनसाहेबाचे हे नाव, तो १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. पुढे मार्च १९४० मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ऊधमसिंगांनी ओड्वायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्याच सभेत हा वृद्ध साहेबही जखमी झाला होता. साहेब गेला, त्याचे राज्य गेले, पाटीही बदलली. पण नाव काही रस्त्याला सोडून गेले नाही. जुनी वस्तू सहजासहजी टाकायची नाही, हा या रस्त्याचा स्वभावच आहे म्हणा ना!

आमच्यासारखा एस. टी.ने येणारा माणूस मुंबई सेंट्रलच्या स्थानकावर उतरतो आणि दक्षिणेकडे पायी चालू लागतो. एके काळी या वाटेने लोक येत ते सिनेमासाठी. मिनर्व्हा, स्वस्तिक, नाझ ही नावे ऐकली, की आजही जुन्या मुंबईकराचा चेहरा फुलतो. १९७५ साली आलेला ‘शोले’ मिनर्व्हात पाच वर्षे मुक्काम ठोकून होता. नाझच्या इमारतीत चित्रपट-वितरकांच्या कचेऱ्या होत्या. सिनेमाच्या शेजारी रेडिओ आणि त्याचे सुटे भाग आले, त्यांच्यामागून टेप-रेकॉर्डर आणि टी. व्ही. आले, आणि मग संगणकांनी सगळा रस्ताच व्यापून टाकला. पडद्यावर चित्र उमटवण्याचा धंदा येथून कधी गेलाच नाही. पडदा तेवढा लहान झाला.

दुकाने म्हणाल तर खोल्या नव्हेत, कपाटेच. चार हात रुंदीच्या गाळ्यात मालक, नोकर, गणपती, चहाचे पेले आणि छतापर्यंत चढलेली खोकी, अशी सगळी मंडळी गुण्यागोविंदाने नांदत असतात. फूटपाथवर वायरींच्या जुड्या भाजीच्या जुड्यांसारख्या मांडलेल्या. एका टोपलीत मेमरीच्या पट्ट्या, दुसरीत पंखे, तिसरीत नाव सांगता येणार नाही असे काहीतरी. गिऱ्हाईक मात्र नाव घेऊनच येते आणि दुकानदार मान वर न करता तो जिन्नस काढून देतो.

या बाजारात मराठीच्या अध्यापकाचे काय काम, असे वाचकांना वाटेल. त्याचे असे झाले. आमचे कॉलेज सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. मराठी विभागाला एका देणगीदाराने अकरा वापरलेले संगणक दिले होते. आमच्या एम. ए.च्या मुलामुलींपैकी बहुतेकांच्या घरी मोबाईल आहे, संगणक नाही. आजीच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या ही मुले वहीत उतरवून आणतात आणि या संगणकांवर टंकून ठेवतात. या यंत्रांत विंडोज ७ होते. जानेवारी २०२० मध्ये तिचा आधार संपला, तेव्हा देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराने त्यांत विंडोज १० घातले आणि बिल करून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो पडदे बिघडलेले! अक्षरे आडवी फुगलेली, वेलांट्या पुसट, जोडाक्षरे एकमेकांत कालवलेली. पान वर सरकवले, की ते पायऱ्या चढल्यासारखे धापा टाकीत वर जाई. कंत्राटदाराला फोन केला, तर उत्तर आले, “सर, तुमच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मिळत नाही. नवीन मशीन घ्या.” नवीन अकरा यंत्रांचा आकडा प्राचार्यांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. आमच्याकडे नकार असा देतात.

आता ‘ड्रायव्हर’ या शब्दाने फसू नये. हा गाडी हाकणारा नव्हे, हा दुभाषी आहे. विंडोज किंवा लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली हुकूम सोडते, ‘येथे काळी रेघ काढ.’ ग्राफिक्स कार्डाला ही भाषा कळत नाही. त्याची स्वतःची, त्याच्या कारखान्यात जन्मलेली बोली असते. ड्रायव्हर मध्ये उभा राहून इकडचे तिकडे सांगतो. तो नसेल, तर कार्यप्रणाली एक कामचलाऊ दुभाषी उभा करते. सगळ्या कार्डांना समजतील असे चार-दोन शब्दच त्याला येतात. त्यामुळे चित्र दिसते, पण पडद्याचा खरा आकार त्याला समजत नाही, आणि जे काम कार्डाने करायचे ते बिचाऱ्या प्रोसेसरच्या डोक्यावर येऊन पडते. आमच्या जोडाक्षरांची दैना होती ती यामुळे.

दुभाषी मिळेनासा का होतो? दरबार बदलला, की दरबारची भाषा बदलते म्हणून. २००१ चा विंडोज एक्सपी बरीच वर्षे सुखाने नांदला. २००७ मध्ये व्हिस्टा आली आणि तिने पडद्यावर चित्र काढण्याची सगळी रीतच बदलली. जुन्या रीतीचे ड्रायव्हर विंडोज ७ पर्यंत कसेबसे निभावून गेले. २०१२ च्या विंडोज ८ ने त्यांना दार लावून घेतले. शिवाय ३२ बिटांचा दुभाषी ६४ बिटांच्या दरबारात चालत नाही, आणि ६४ बिटांच्या दरबारात व्हिस्टापासूनच सही-शिक्क्याशिवाय प्रवेश नाही. प्रत्येक बदलाच्या वेळी कार्ड करणाऱ्या कंपनीने नवा ड्रायव्हर लिहून द्यायचा असतो. पण विकून झालेल्या मालासाठी पदरमोड कोण करणार? एनव्हिडियाने २००६ ते २०१० च्या सुमारास विकलेल्या कार्डांच्या एका मोठ्या पिढीसाठी विंडोजवरचा शेवटचा ड्रायव्हर डिसेंबर २०१६ मध्ये दिला आणि त्यांचा निरोप घेतला. इंटेलने २०१९ मध्ये आपल्या जुन्या वस्तूंचे कित्येक ड्रायव्हर संकेतस्थळावरून उतरवूनच ठेवले.

मग माणूस इंटरनेटवर शोधू लागतो, आणि तेथे तर पंढरीच्या वारीत खिसेकापू शिरावेत तशी गत. एकाच पानावर ‘डाउनलोड’ची पाच बटणे, त्यांतली चार भलतेच काही घरात आणून सोडणारी. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर क्षणात शोधून देतो’ म्हणणारे भोंदू तर गल्लोगल्ली. मी उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहिली, एका यंत्रातले कार्ड काढून त्या चंदेरी पिशवीत घातले आणि रात्रीची एस. टी. पकडली.

पहिल्या दुकानदाराने कार्ड हातातही घेतले नाही. “मास्तर, हे आता म्युझियममध्ये द्या,” म्हणाला. दुसरे दुकान एका वयस्क कच्छी गृहस्थांचे. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कार्डाची सोनेरी कड रबराने हलकेच पुसली, परीक्षेच्या यंत्रात बसवले आणि दोन मिनिटांनी म्हणाले, “सर, कार्ड नाय मेला. कार्ड एकदम चांगला हाय. तेची भाषा बोलणारा कोण ऱ्हायला नाय.” भाषाशास्त्राच्या वर्गात मी वर्षानुवर्षे जे सांगत आलो, ते शेठजींनी चहाच्या एका घोटात सांगून टाकले!

त्यांनीच मला कार्डाची कुळी वाचायला शिकवले. संगणकातल्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये प्रत्येक भागाचे दोन संकेतांक दिसतात, एक कुळाचा आणि एक त्या इसमाचा. १००२ असेल तर कूळ एटीआयचे, १०डीई असेल तर एनव्हिडियाचे आणि ८०८६ असेल तर इंटेलचे. १९७८ साली ज्या ८०८६ क्रमांकाच्या प्रोसेसरने इंटेलचे नशीब काढले, तोच आकडा तिने आपल्या कुळाला लावून घेतला आहे. खोक्यावरचे नाव खोटे असू शकते, चिकटवलेला कागद फाटलेला असू शकतो. हे आकडे सहसा फसवीत नाहीत. ड्रायव्हर शोधायचा तो या आकड्यांवरून. शेठजींच्या मागच्या फळीवर जुन्या ड्रायव्हरांच्या सीडींचा ढीग होता, पानवाल्याच्या पानांसारखा ओल्या फडक्याने झाकलेला नव्हता एवढेच. परंतु आमच्या कार्डाची विंडोज १० साठीची तबकडी त्यांच्याकडेही नव्हती. ती कधी निघालीच नव्हती.

“वर जावा,” ते म्हणाले. “माळ्यावर पोरगा बसतो. तो दुसरा धर्म चालवतो.”

माळ्यावरचा मुलगा विशीतला, मूळचा चिपळूणकडचा. “काका, बसा,” म्हणून त्याने स्टूल पुढे केले, कार्ड यंत्रात बसवले आणि एक पेन ड्राइव्ह खोचला. संगणकातल्या डिस्कला हातही न लावता पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स उघडले. पडदा काळा झाला, एकदा लुकलुकला आणि पूर्ण रुंदीने असा स्वच्छ उजळला, की कोपऱ्यातले घड्याळही वाचता येऊ लागले. मी घाईघाईने ‘ज्ञानेश्वर’ असे टंकून पाहिले. ज्ञ आणि श्व दोघेही जागच्या जागी!

“ड्रायव्हर कुठून आणलास रे?”

“आणला नाही, काका. आतच होता. कुणीतरी लिहून ठेवलाय.”

हे ‘कुणीतरी’ कोण, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. एनव्हिडियाने आपल्या कार्डांची बोली गुप्त ठेवली होती. तेव्हा २००५-०६ च्या सुमारास काही तरुणांनी कंपनीचाच ड्रायव्हर कार्डाशी काय कुजबुजतो, हे टिपून घ्यायला सुरुवात केली. एक रेघ काढायची, कार्डातले कोणते आकडे बदलले ते पाहायचे. दुसरी रेघ काढायची, पुन्हा पाहायचे. १८३७ साली प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी अशीच चिकाटीने, चिन्हाला चिन्ह लावून, उलगडली होती. या ड्रायव्हरचे नाव ‘नूव्हो’. २०१० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात सामावला गेला. एटीआयची मालकी घेतलेल्या एएमडीने मात्र २००७ मध्ये आपल्या कार्डांची कागदपत्रे खुली करायला आरंभ केला. त्याचे फळ असे, की एटीआयच्या २००२ सालच्या रेडिऑन कार्डासाठीसुद्धा लिनक्समध्ये दुभाषी शिल्लक राहिला.

पण सगळ्यांचे असे होत नाही. त्या मुलाने एक टॅब्लेट दाखवला. इंटेलच्या ‘क्लोव्हर ट्रेल’ जातीचा, २०१३ च्या आसपासचा. त्यातला चित्रविभाग इंटेलने एका ब्रिटिश कंपनीकडून परवान्याने घेतलेला. २०१७ मध्ये विंडोज १० ची पुढली आवृत्ती आली, तेव्हा या यंत्रांसाठी नवे ड्रायव्हर मिळेनात. शेवटी मायक्रोसॉफ्टने त्यांना जुन्याच आवृत्तीवर ठेवून जानेवारी २०२३ पर्यंत सुरक्षेचा शिधा पुरवला. “याची भाषा कुणाला नीट माहीत नाही,” मुलगा म्हणाला आणि त्याने तो टॅब्लेट परत खणात ठेवला. फेकला मात्र नाही.

मला पुण्याच्या पुराभिलेखागारातले रुमाल आठवले. कागद धड, शाई धड, अक्षर तर मोत्यासारखे. पण मोडी वाचणारा हवा. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतून उठली आणि पाहता पाहता आपल्याच आजोबांची पत्रे आपल्याला मुकी झाली. तरी मोडीचे बरे, की तिची बाराखडी कोणी पेटीत कुलूपबंद केली नव्हती. शिकू म्हणणाऱ्याला आजही ती शिकता येते. ज्या यंत्राची बाराखडी त्याच्या कारखान्याबाहेर कधी आलीच नाही, त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चाही नियमित आधार संपला, आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांना उंबऱ्याच्या आत घेत नाही. हिंडतीफिरती, धडधाकट यंत्रे केवळ संवाद तुटल्यामुळे भंगाराच्या गाडीत चढतात. त्यांत शिसे असते, तांबे असते, आणि एखाद्या गावच्या मुलीची टंकायची राहून गेलेली वहीही असते.

मुलाने पेन ड्राइव्हचे अडीचशे रुपये घेतले; शिकवणीचे घेईना. शेठजींनी जाताना एक जुने कार्ड साडेचारशेला दिले, “कुळी बघून दिलाय” असे बजावून. संध्याकाळ झाली होती. दुकानांच्या फळ्या लागत होत्या आणि फूटपाथवरचे वायरींचे भारे गोणपाटात शिरत होते. चढ्या आवाजात कोणीतरी कोणालातरी विचारत होते, “नाइंटी-सिक्सवाला मिलेगा क्या?” आणि पलीकडून उत्तर येत होते, “देखना पडेगा.” या रस्त्यावर ‘नाही’ असे चटकन कोणी म्हणत नाही.

आमच्या अकरांपैकी नऊ यंत्रे आता चालतात. काही अडचणी आहेत. शासनाचा एक जुना फॉर्म तेथे उघडत नाही, तो कचेरीतल्या संगणकावर भरावा लागतो. आणि मुलांना खेळ खेळता येत नाहीत, ही तक्रार मी ऐकून घेतो. ओव्यांची संख्या सहाशेच्या पुढे गेली आहे. उरलेल्या दोन यंत्रांचे कार्ड खरोखरच जळालेले निघाले. त्यांचे पंखे, मेमरी आणि डिस्का काढून, प्रत्येकीवर कुळीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी चिकटवून, आम्ही ग्रंथालयाच्या कपाटात ठेवून दिल्या आहेत.