दोन पालख्यांमधला डोंगर

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं यवतकडं जाताना उजव्या हाताला एक बुटकी, बोडकी डोंगररांग सोबत करते. तिच्याकडं मान वळवून बघणारा विरळाच. सिंहगडाकडून निघालेला हा सह्याद्रीचा फाटा पूर्वेला सरकत भुलेश्वरापाशी येईतो त्याचा सगळा ताठा उतरलेला असतो. गडवेडे इकडं फारसे फिरकत नाहीत. मला मात्र हीच रांग आवडते. इथं गप्पा मारत चढता येतं.

घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथं जरा थांबावं. काळ्या दगडात मुगाएवढी भोकं दिसतात, काहींत पांढरे स्फटिक दाटलेले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवताना त्यात अडकलेले हे वायूचे बुडबुडे. मागाहून पाणी झिरपलं आणि त्यानं ते भरून टाकले. बोट फिरवलं की खडे टोचतात.

भुलेश्वराचं यादवकालीन देऊळही काळ्या पाषाणाचंच. आतल्या अंधाराला डोळे सरावले की भिंतींवरची माणसं दिसू लागतात. कुणाचा हात फोडलेला, कुणाचं नाक. त्यांच्यातच स्त्रीरूपातला गणपती ऐटीत बसलाय. भोवतीचे बुरूज आदिलशाही सरदार मुरार जगदेवाच्या दौलतमंगळ किल्ल्याचे. पश्चिमेला सोनोरीचा मल्हारगड; पेशव्यांच्या तोफखान्याच्या पानसे सरदारांनी तो १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधला.

वर उभं राहिलं की उत्तरेला दौंडचा ऊस आणि गुऱ्हाळांचा धूर, दक्षिणेला कऱ्हेचं कोरडं पठार. मुळात पाऊस बेताचा, आणि जो पडतो त्याचीही या माथ्यावर वाटणी होते. उत्तरेचं पाणी मुळा-मुठेकडं, शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसला भीमेत. दक्षिणेचं कऱ्हेतून नीरेत. नरसिंगपूरला नीरा भीमेला मिळते आणि पंढरपूरची वाट धरते.

पालख्यांचंही तसंच. पुणं सोडल्यावर माउली दिवे घाटानं ही रांग ओलांडतात. रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. तुकोबा पायथ्यापायथ्यानं लोणी काळभोर, यवत, वरवंड करत पाटसपुढं रोटी घाटात उरलंसुरलं टेकाड चढून जातात. पंढरीच्या अलीकडं वाखरीला दोघं भेटतात. वाटेत उत्तरेच्या पाण्याला उजनीचं धरण अडवून ठेवतं. तुकोबांच्या वारकऱ्यांना अडवते ती यवतची पिठलं-भाकरी, तीही एका मुक्कामापुरती.