धुंधुरमासातला नाताळ

धुंधुरमास लागला की नारायण पेठेतली पहाट अंधारातच जागी होते. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, मुगाची खिचडी आणि वर लोण्याचा गोळा, हे सगळं सूर्य उगवायच्या आत पानात पडायला हवं. सोळा डिसेंबरच्या आगेमागे सुरू होणारा हा महिना संक्रांतीला संपतो. दिवाळी मागेपुढे सरकते, तसा नाताळ सरकत नाही; तो दरवर्षी न चुकता या महिन्यातच येतो. माझ्या नाताळला म्हणूनच केकच्या आधी भाजलेल्या बाजरीचा वास आहे.

शाळेतली माझी एक मैत्रीण गुरुवार पेठेत, पंचहौदापाशी राहायची. दिवाळीत आमच्या घरून तिच्याकडे फराळाचं ताट जाई, नाताळात त्यांच्याकडून आमच्याकडे येई. वरचा विणलेला रुमाल उचलला की आत करंज्या, चकल्या, शंकरपाळे. दिवाळीच पुन्हा आल्यासारखं वाटायचं. एका कडेला केक असायचा, आणि आजीसाठी वेगळ्या डब्यात रव्याचा केक. "आजी, हा तुमचा. अंडं नाही, भांडंही वेगळं वापरलंय," असं मैत्रिणीची आई दारातच सांगायची. आजी सोवळ्यातली. पण दुपारी सोवळं सोडलं की तो केक चवीनं खायची आणि ताट रिकामं परत पाठवायचं नाही म्हणून त्यात तिळाच्या वड्या घालायची. एकीनं दुसरीला कधी तिची रीत मोडायला लावली नाही. शेजारधर्माचं याहून मोठं उदाहरण मी अजून पाहिलेलं नाही.

पुढे पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचताना तो रव्याचा केक आठवला. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज नावाच्या छोट्या गावात, तिथल्या भगिनींच्या मठात राहून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताला त्यांनी मनापासून स्वीकारलं, पण शाकाहार सोडला नाही. अंडंदेखील चालत नसे. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीचा जुना ताठा दिसला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत, असंही रमाबाईंनी विचारलं. परक्या गावात, ज्यांच्या आसऱ्याला राहायचं त्यांनाच हे विचारायला केवढं धैर्य लागलं असेल! देव स्वीकारला म्हणून त्याच्याबरोबर आलेली पंगतही स्वीकारलीच पाहिजे असं नाही, हे त्यांना पंचविशीत उमगलं होतं. आपल्या मराठी नाताळची मुळं मला तिथे दिसतात.

वाँटेजच्या या भगिनी १८७७ सालीच पुण्यात येऊन पोचल्या होत्या. पंचहौदाच्या आवारात त्यांनी मुलींना शिकवलं. १८८५ साली तिथे पवित्र नाम देवालय उभं राहिलं. त्याच्या उंच मनोऱ्यात इंग्लंडातून आणलेल्या आठ घंटा आहेत. याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहाचं ते प्रसिद्ध प्रकरण घडलं. मिशनच्या बोलावण्यावरून रानडे, टिळक आणि पुण्यातली आणखी प्रतिष्ठित मंडळी तिथे गेली. समोर चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशी यांनी जमलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि ख्रिस्त्यांकडचा चहा घेतला म्हणून शहरभर वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एका पेल्यासाठी घराघरांतून केवढी माणसं दुखावली गेली! पुढे टिळक ज्या वाड्यात राहिले तो केसरी वाडा आमच्या पेठेतलाच. त्याच्यावरून जाताना मला अनेकदा ते फराळाचं ताट आठवतं. चहापासून त्या ताटापर्यंत यायला या शहराला दोन-तीन पिढ्या लागल्या, आणि ते अंतर बायकांनी कापलं, स्वयंपाकघरातून, कसलाही ठराव न करता.

या सणाला मराठी गळा दिला तो मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते सांगत, आणि त्यांची गीतं ऐकली की ते पटतं. अभंग, ओवी, भजन हे वारकऱ्यांचं सगळं धन त्यांनी उपासनेत आणलं. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. मैत्रिणीबरोबर मी पहिल्यांदा नाताळच्या उपासनेला गेले तेव्हा काहीतरी परकं, इंग्रजी ऐकायची तयारी ठेवली होती. पण पेटीनं सूर धरला, तबल्याचा ठेका पडला आणि देवळातल्या काकड्याला लागते तशी समाधी लागली. काठपदराच्या साड्या नेसून, गजरे माळून बसलेल्या बायका मोकळ्या आवाजात गात होत्या. गव्हाणीतल्या बाळाबद्दलचं ते गाणं पाळण्याच्या चालीवर होतं. आमच्याकडे बारशाला त्याच धाटणीचे पाळणे म्हणतात.

कॅम्पातली रोषणाई मलाही आवडते. एम. जी. रोडवर चोवीस तारखेला मुलांचे थवे लाल टोप्या घालून फिरतात, फिरू देत; आनंदाला कुणी पत्ता विचारू नये. पण पेठेतल्या मुलांना नाताळ म्हणजे तेवढंच माहीत असावं, याचं मला वाईट वाटतं. आमच्या लक्ष्मी रस्त्याचं एक टोक अलका चौकात आहे आणि दुसरं क्वार्टर गेटपाशी. तिथून जवळच सिटी चर्च आहे. आपल्या फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती सैनिकांना प्रार्थनेला ठिकाण हवं म्हणून १७९२ साली सवाई माधवरावांनी त्यासाठी जागा दिली. पेशवाईतल्या पुण्यातही नाताळ होत होता, हे शाळेत कुणी सांगत नाही.

यंदा भाचीला आणि तिच्या मैत्रिणींना पंचवीसला पहाटेच उठवणार आहे. खिचडी-भाकरी खाऊन आम्ही लक्ष्मी रस्त्यानं सोन्या मारुतीपर्यंत चालत जाऊ आणि तिथून गुरुवार पेठेत वळू. उपासना झाल्यावर मैत्रिणीकडे फराळ आहेच. आता करंज्या तिची सून करते. रव्याच्या केकची कृतीही मला तिच्याकडून लिहून घ्यायची आहे.