तख्ताचं माणूस

मुघल लघुचित्रातल्या दरबारात शिरलात की आधी गर्दी दिसते. चवऱ्या ढाळणारे सेवक, हात बांधून उभे असलेले सरदार, खाली मान घातलेले वकील. या साऱ्यांना ओलांडून नजर ज्याच्यापाशी थांबते, ते बादशहाच्या डोक्यामागचं सोनेरी तेजोवलय. स्वभावानं मानी, पण मोठं देखणं.

अकबराच्या पदरी ते नव्हतं. ‘अकबरनामा’च्या चित्रांत बादशहा धुमश्चक्रीत असतो आणि त्याला शोधावं लागतं. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला आले. त्यांच्या येशू-मेरीच्या चित्रांतलं वलय मुघल चिताऱ्यांनी हेरलं. मथुरेच्या बुद्धमूर्तींमागे ते कित्येक शतकं आधीच उभं होतं. दरबारात मात्र पाहुणं होऊन आलं. जहांगीरच्या काळात ते घरचं झालं. बादशहाच्या नूरुद्दीन या पदवीतच प्रकाश, तेव्हा दोघांचं जमणारच.

थाट असा, की बादशहाचा चेहरा एका बाजूनं दिसतो, पण हे मात्र पुरतं आपल्याकडे तोंड करून बसतं. सावली, रात्र, रणधुमाळी, कशाचीच पर्वा नाही. सोन्याचा वर्ख खलून केलेला रंग कागदावर चढवायचा आणि अकीकाच्या दगडानं घोटघोटून चमकवायचा, एवढी बडदास्त त्याला लागते.

गर्व पाहायचा तर बिचित्र या चिताऱ्याच्या चित्रात. जहांगीर वाळूच्या घड्याळाच्या सिंहासनावर बसून सूफी शेख हुसेनला ग्रंथ देतो आहे. ऑटोमन सुलतान आणि इंग्लंडचा जेम्स राजा खाली ताटकळले आहेत. मागचं वलय बादशहाच्या धडाहूनही मोठं. सूर्य आणि चंद्रकोर त्यानं एकत्र पोटात घेतली आहे. वरच्या कोपऱ्यातल्या पंखवाल्या बाळानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आहे. तेज सोसवत नसावं बिचाऱ्याला!

जीभ मात्र सैल. अबुल हसनच्या चित्रात जहांगीर इराणच्या शाह अब्बासला मिठी मारतो आणि हे दोघांनाही कवेत घेतं. प्रत्यक्षात दोघं कधीच भेटले नव्हते. शाहचं रूप टिपायला बिशनदास या चिताऱ्याला इराणला धाडावं लागलं होतं. चित्रात जहांगीर भरदार, अब्बास किडकिडीत. पायाखाली एकाच्या सिंह, दुसऱ्याच्या मेंढी. पुढे १६२२ मध्ये त्याच अब्बासनं जहांगीरकडून कंदाहार घेतलं.

पण या वलयासारखं इमानी कोणी नाही. जहांगीर गेला, ते शाहजहानमागे उभं राहिलं. ‘पादशाहनामा’तल्या झरोक्यात त्याला पाहावं, खालच्या रांगांतला प्रत्येक उमराव आपापल्या दर्जाच्या जागी, आणि हे सगळ्यांच्या वर. गुलाम अली खाननं १८३७ मध्ये गादीवर आलेल्या बहादूरशहा जफरचं चित्र काढलं, तेव्हा दिल्लीचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती होता आणि बादशहा तनख्यावर. तरी तेजोवलय आलं, आणि पूर्ण सोनेरी आलं.